महासाथ आणि स्नायूक्षय : एका दुर्लक्षित आजाराची ओळख

कोरोनाच्या महासाथीवर बरेच लिहिले गेले आहे. मजुरांची पायपीट, बंद पडलेली शाळा, ओस पडलेली वसतिगृहे, दुसऱ्या लाटेतील ऑक्सिजनची धावाधाव, या सर्व गोष्टी आपल्या स्मरणात आहेत. मात्र त्याच काळात एक लहानसा समूह घराच्या कोपऱ्यात आपली उरलीसुरली शक्ती गमावत होता, आणि त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. ज्यांचे स्नायू वर्षागणिक झिजत जातात अशा मुलांचा हा समूह आहे. आम्ही वैद्य नाही. इतिहासाचे शिक्षक आहोत. तथापि कचारगडच्या पायथ्याशी निवासी शाळेत मुले सांभाळताना हा आजार आम्हांला जवळून पाहावा लागला, त्याविषयी वाचावे लागले, जाणत्यांना विचारावे लागले. ते सर्व माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या भागात सिकलसेल कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बौद्ध, गोंड, हलबा अशा सर्वच वस्त्यांत तो आहे. मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९५८ सालीच प्रसिद्ध झाला होता. तरी हा आजार गावोगावच्या बोलण्यात येण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली. स्नायूक्षयाचे, म्हणजे मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे, आज तेच चालले आहे. त्याचे नावच लोकांना माहीत नाही. नाव नसल्यामुळे 'पायात ताकद नाही', 'वारं लागलं', 'बाहेरचं आहे' अशी स्पष्टीकरणे चालतात, आणि मुलाची पहिली काही मोलाची वर्षे बुवाबाजीत आणि मालिशवाल्यांच्या दारात निघून जातात.

स्नायूक्षयाचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील सर्वांत अधिक आढळणारा व बालपणीच सुरू होणारा प्रकार म्हणजे ड्युशेन. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला लागले. साधारणपणे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. त्याचे मूळ १९८६-८७ च्या सुमारास उलगडले. आपल्या पेशींत डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन तयार होत असते. स्नायूच्या पेशीचा आतील सांगाडा आणि तिचे बाहेरचे आवरण यांना ते बांधून ठेवते. हे प्रथिन नसेल, तर स्नायू आकुंचन पावताना दर वेळी ते आवरण थोडे थोडे फाटते. लहान वयात शरीर डागडुजी करते. पुढे डागडुजी मागे पडते आणि झीज पुढे जाते. स्नायूची जागा चरबी व तंतू घेतात. म्हणूनच अशा मुलाच्या पोटऱ्या भरदार दिसतात आणि घरचे म्हणतात, 'पाय तर चांगले मजबूत आहेत!' त्या पोटऱ्यांत बळ नसते.

खुणा ओळखता येण्याजोग्या आहेत. मूल उशिरा चालू लागते, वारंवार पडते, जिना चढताना कठडा धरते, चवड्यांवर चालते, पोट पुढे काढून डुलत डुलत जाते. सर्वांत ठळक खूण जमिनीवरून उठताना दिसते. मूल आधी पालथे होते, गुडघ्यांवर येते, आणि मग दोन्ही हात स्वतःच्याच मांड्यांवर टेकत, जणू स्वतःच्या अंगावरून वर चढत, उभे राहते. परिपाठानंतर मुले सतरंजीवरून उठतात तेव्हा ज्याची नजर तयार आहे अशा शिक्षकाला ही खूण एका क्षणात दिसते. खेळाच्या तासाला मागे राहणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याला खाली बसवून उठताना पाहावे. शंका आल्यास रक्ताची 'सीपीके' ही एक तपासणी पुरेशी दिशा दाखवते. या आजारात तिचा आकडा नेहमीच्या कित्येक पट असतो. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. फाटलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारी काही द्रव्ये यकृताच्या तपासणीतही वाढलेली दिसतात, आणि मग मुलावर महिनोन्महिने काविळीचे उपचार होत राहतात.

सिकलसेलमध्ये आई व वडील दोघांकडूनही दोष यावा लागतो, हे आपल्या पालकांना आरोग्यसेविकांनी समजावून दिलेले आहे. ड्युशेनची रीत वेगळी आहे. दोष आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतो. मुलीला दुसरे निरोगी एक्स असल्याने ती बहुधा सावरते; मुलाकडे एकच एक्स असल्याने तो सापडतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी असते. हे वाचून कोणी सुनेकडे बोट दाखवू नये. कारण सुमारे एक तृतीयांश मुलांत हा दोष आईकडून आलेलाच नसतो. तो नव्यानेच उद्भवलेला असतो. डिस्ट्रोफिनचे जनुक मानवी जनुकांत सर्वांत मोठे आहे. एवढ्या लांब मजकुराची नक्कल करताना कोठेतरी अक्षर चुकणारच! त्या चुकीला कोणाचे पाप जबाबदार नसते. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते ही कल्पना नाकारली आहे, आणि मूल जे घेऊन येते ते आईवडिलांकडून येते, असा युक्तिवाद केला आहे. आजारी मुलाच्या आईला 'मागल्या जन्मीचे भोग' असे सांगणारा शेजारी बौद्ध असो वा अन्य कोणी, तो तिच्या दुःखावर अपमानाचा थर चढवतो.

स्नायूक्षयाचे कमरेच्या व खांद्याच्या स्नायूंपासून सुरू होणारे दुसरे प्रकार मुलग्यांना व मुलींना सारखेच होतात. त्यांतील अनेकांत सिकलसेलप्रमाणे दोन्हीकडून दोष यावा लागतो. आते-मामे भावंडांतील विवाह आपल्याकडे, बौद्धांत काय आणि आदिवासींत काय, पूर्वापार चालत आले आहेत. अशा नात्यात तोच दोष दोघांकडेही असण्याचा संभव वाढतो. घरात असा रुग्ण असेल तर पुढचे लग्न ठरवण्यापूर्वी जनुकीय तपासणीचा सल्ला घ्यावा, इतकेच येथे म्हणतो. स्टीफन हॉकिंग यांचे उदाहरण आपल्या सभांतून हटकून दिले जाते. त्यांचा आजार निराळा होता. त्यात आधी मज्जापेशी मरतात व मग स्नायू वाळतात. परंतु ऐन तारुण्यात, १९६३ साली, निदान झाल्यावर हा मनुष्य २०१८ पर्यंत जगला आणि २००१ च्या जानेवारीत मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसही येऊन गेला. योग्य आधार मिळाला तर दुबळ्या देहातही बुद्धी पुरेपूर काम करते, एवढ्यापुरते ते उदाहरण खरे आहे.

ड्युशेनवर आजार मुळापासून काढणारा, सर्वांना परवडणारा उपाय आजतागायत नाही. स्टेरॉइड औषधांनी चालणे दोन-तीन वर्षे लांबवता येते. ताणाचे व्यायाम रोज करून सांधे आखडणे रोखता येते. पुढे पाठीचा कणा, हृदय आणि श्वास यांवर लक्ष ठेवावे लागते. बहुतेक मुले बाराव्या वर्षाच्या आसपास चालणे गमावतात. पूर्वी विशीच्या आतबाहेर आयुष्य संपे. श्वासाला यंत्राचा आधार मिळू लागल्यापासून अनेक रुग्ण तिशीपर्यंत व त्याही पुढे जगतात. स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये घेणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज हा उपचार अद्याप संशोधनाच्या कक्षेतच आहे. शेत विकून तो विकत घेण्याची वस्तू नव्हे.

आता महासाथीकडे वळू.

२०२० ची माघ पौर्णिमा ९ फेब्रुवारीला होती. बरोबर एक महिन्याने, ९ मार्चला, पुण्यात महाराष्ट्रातील पहिले कोरोनाबाधित आढळले. मार्चच्या मध्यास शाळा बंद झाल्या, १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला, वसतिगृहे रिकामी झाली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. प्रवासी रेल्वे थांबली. गोंदियाहून मुंबईला जाणारी विदर्भ एक्सप्रेस आपल्या रुग्णांची जणू धमनीच. जवळजवळ हजार किलोमीटरवरच्या केईएमसारख्या रुग्णालयाची वाट तिच्यामुळेच शक्य होती. तीही थांबली. नागपूरची मोठी रुग्णालये कोरोनाच्या कामात गुंतली. सालेकसा तालुक्यातील जंगलकाठच्या टोलीत राहणाऱ्या मुलासाठी याचा अर्थ एकच होता. तपासणी नाही, व्यायाम शिकवणारा नाही, आणि औषधाची पट्टी कधी संपेल याची धास्ती.

ही धास्ती निष्कारण नव्हती. रोज स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाचे शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवते. गोळी अचानक बंद झाली, तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. टाळेबंदीत औषधे मिळत नव्हती म्हणून, किंवा 'स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते, कोरोना होईल' या ऐकीव भीतीने गोळ्या थांबवणे, या दोहोंचा परिणाम सारखाच घातक. तज्ज्ञ त्या काळात वारंवार सांगत होते की डॉक्टरांना विचारल्याखेरीज गोळी बंद करू नका. हा निरोप आमच्या टोल्या-पाड्यांपर्यंत किती पोहोचला असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

दुसरी अडचण श्वासाची. या आजारात छातीचे व श्वासपटलाचे स्नायू दुबळे होतात, खोकण्याची ताकद राहत नाही. साध्या सर्दीचा कफही बाहेर पडत नाही. मग कोरोनाचे काय! आणि येथे एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक होती. फुप्फुसांत हवा ओढण्याचीच शक्ती कमी असते तेव्हा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. अशा रुग्णाला यंत्राने श्वास न देता नुसता ऑक्सिजन लावला, तर बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा सुधारतो, पण आत साठा वाढत राहतो आणि रुग्ण गुंगीत जातो. त्याला दाबाने हवा देणारे बायपॅप यंत्र लागते. म्हणून अशा मुलाच्या दप्तरात, खिशात, गळ्यातल्या ओळखपत्रात आजाराचे नाव लिहिलेले असावे. डॉक्टर दमलेले असतात, नातेवाईक घाबरलेले असतात. कागद घाबरत नाही. बायपॅप घरी असले तरी ते विजेवर चालते. पावसाळ्यात आपल्या जंगलपट्ट्यातील वीज कशी वागते, हे निराळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट स्पर्शाची. 'अंतर राखा' हा त्या काळाचा मंत्र होता, आणि साथ रोखण्यासाठी तो आवश्यकच होता. पण ज्या मुलाला रात्रीतून तीन-चार वेळा कूस बदलून द्यावी लागते, ज्याचा मास्क घसरला तर तो वर करायला स्वतःचा हात उचलत नाही, त्याने कोणापासून अंतर राखावे? आजारी पडला तर विलगीकरण कक्षात सोबत्याला प्रवेश नाही; आई आजारी पडली तर मुलाला उचलणार कोण? या प्रश्नांनी कित्येक घरांची झोप उडवली होती. आपल्या समाजाला अंतराचा इतिहास ठाऊक आहे. रोगाच्या नावाने पाळलेले अंतर आणि जातीच्या नावाने पाळलेले अंतर यांत भेद आहे, हे आम्ही मान्य करतो. तरी ज्याचे जगणेच दुसऱ्याच्या हातावर आहे त्याच्यासाठी नियमात जागा ठेवायला हवी, हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला; माई १० मार्चला गेल्या. महावग्गात तथागतांची कथा आहे. अतिसाराने स्वतःच्याच मळात पडलेल्या भिक्खूकडे इतर भिक्खूंनी पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला लावले, त्यांच्यासह स्वतः त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले, आणि नंतर संघाला विचारले की तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा करणार नाही तर कोण करणार. या कथेत उपदेश पाण्याच्या घागरीनंतर येतो, हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे आणि सिकलसेलही आहे. या कायद्याचे आठवे कलम आपत्तीच्या काळात दिव्यांगांना समान संरक्षणाची हमी देते. मार्च २०२० मध्येच केंद्राच्या दिव्यांग विभागाने कोरोना काळासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ('दिव्यांग' या शब्दाविषयी आमचे मत अनुकूल नाही. नाव गोड केल्याने स्थिती पालटत नाही, हे 'हरिजन' या शब्दाने आपल्याला पुरते शिकवले आहे. कायद्याचा शब्द म्हणून तो येथे वापरतो.) खरी विसंगती लसीकरणात दिसली. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ वयाच्या, २० ठरावीक व्याधींपैकी एखादी असलेल्यांना लस खुली झाली. त्या यादीत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे नाव स्पष्ट होते, सिकलसेलचेही होते. परंतु अट ४५ वर्षांची! ड्युशेनच्या रुग्णांपैकी पंचेचाळीशी पाहणारे किती? ज्यांचे नाव यादीत लिहिले, त्यांनाच वयाच्या रकान्याने बाहेर ठेवले. १८ वर्षांवरील सर्वांना लस १ मेपासून खुली झाली, तेव्हा दुसरी लाट शिगेला होती. १५ ते १८ वयाच्या मुलांना ती ३ जानेवारी २०२२ ला, आणि १२ ते १४ च्या मुलांना १६ मार्च २०२२ ला मिळू लागली. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस द्यावी यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली. २०२१ च्या उन्हाळ्यात न्यायालयाने यावरून केंद्राला खडे बोल सुनावले. मुंबईत घरोघरी लस त्यानंतर सुरू झाली, आणि देशभरासाठी तशी मुभा २०२१ च्या सप्टेंबरात आली. यादी करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. यादी करताना त्या खोलीत चाकाच्या खुर्चीवरचा कोणी बसलेला नसावा, असे मात्र वाटते. प्रतिनिधित्वाचा बाबासाहेबांचा आग्रह अशा वेळी नव्याने समजतो.

आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याविषयी थोडे लिहितो. नाव व गाव देत नाही. मार्च २०२० मध्ये घरी गेला तेव्हा तो भिंतीचा आधार घेऊन भोजनगृहापर्यंत येत असे. त्याचे सोबती सकाळी त्याच्या टाचा ताणून देत, कोणी पाणी आणून देई, कोणी दप्तर. हे कोणी लावून दिलेले काम नव्हते. मुलांनी ते आपापसांत वाटून घेतले होते. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग पुन्हा उघडले. मधल्या दीड वर्षात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा त्याच्या टोलीपर्यंत पोहोचली नव्हती, कारण तेथे मोबाईलला रेंज नव्हती. तो परतला तो वडिलांच्या पाठीवर. टाचा आखडल्या होत्या, वजन वाढले होते, पाठ एका बाजूला कलली होती. यातील किती नुकसान आजाराचे आणि किती टाळेबंदीचे, हे वेगळे काढता येत नाही. आजाराचा उतार ठरलेलाच होता. पण एखादे वर्ष अधिक त्याला स्वतःच्या पायांवर मिळाले असते, असे व्यायामतज्ज्ञ सांगतात. बारा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे फार मोठा काळ असतो.

गोंडी परंपरेत कचारगड ही कोंडलेल्या मुलांच्या सुटकेची जागा मानली जाते. कली कंकालीची मुले या गुहेत बंद होती, आणि पारी कुपार लिंगो, जंगो रायताड व वादक हिरासुका यांनी त्यांना बाहेर काढले, असे कोया पुनेम सांगते. दरवर्षी माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून येणारे भाविक धनेगावहून चढण चढून तेथे जातात. पायऱ्यांच्या त्या वाटेवर चाकाची खुर्ची जात नाही. आमचा विद्यार्थी मात्र मित्रांच्या खांद्यांवरून गुहेपर्यंत गेला आहे, आणि गुहेच्या छतातून पडणाऱ्या उजेडाविषयी त्याने वर्गात आमच्यापेक्षा चांगले लिहिले आहे.

शेवटी पालकांसाठी काही उपयोगाच्या गोष्टी. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व 'यूडीआयडी' कार्ड यांचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. शाळेत तो भरून दिला जाईल. ४० टक्के वा अधिक प्रमाण असल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ मिळतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. महासाथीच्या काळात महिन्याला १००० रुपये मिळत, जुलै २०२३ पासून ते १५०० झाले आणि पुढेही बदल होत आहेत, तेव्हा चालू रक्कम तेथेच विचारावी. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ड्युशेनचा समावेश आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्यासाठीच्या केंद्रांपैकी एक आहे. हा आजार हळूहळू वाढणारा असल्याने जुने प्रमाणपत्र कमी टक्क्यांचे असू शकते. ते पुन्हा तपासून घेता येते. तपासणीसाठी वैद्यकीय मंडळापुढे मुलाला न्यावेच लागते. मंडळ कोणत्या वारी बसते हे आधी फोन करून विचारून घ्यावे, आणि सीपीकेचा अहवाल, आधारकार्ड व जुने सर्व कागद एका पिशवीत बरोबर ठेवावेत, म्हणजे मुलाला उचलून नेलेली गोंदियाची फेरी वाया जात नाही.